दक्षिण-मध्य मुंबईतील उपग्रह नभोवाणीचे ग्रहण : वस्तीची रचना, प्रकाशाचा नियम आणि आकाशाचा वाटा (२०००-२००९)

प्रस्तावना

२१ मार्च २००० रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियन-५ या प्रक्षेपकाने दोन उपग्रह अवकाशात नेले. त्यांपैकी एक भारताचा इन्सॅट-३बी होता आणि दुसरा ‘वर्ल्डस्पेस’ या कंपनीचा एशियास्टार. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा यांनी १९९० मध्ये ही कंपनी स्थापन केली होती. ज्या प्रदेशांत जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रे विरळ आहेत, तेथील श्रोत्यांना थेट उपग्रहावरून स्वच्छ ध्वनी पुरवावा, हा तिचा उद्देश होता. २८ ऑक्टोबर १९९८ रोजी सोडलेला आफ्रिस्टार आफ्रिकेसाठी होता, तर एशियास्टार आशियासाठी. भारतात ही सेवा ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद झाली.

या सेवेमागील कल्पना समतेची होती. उपग्रहाच्या व्याप्तिक्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक स्थळी संदेशाची शक्ती जवळजवळ सारखीच पोहोचते. कोकणातील खेडे, सह्याद्रीचा माथा आणि मुंबईतील गल्ली यांत उपग्रह भेद करीत नाही. परंतु हा सारखेपणा छपराच्या वरपर्यंतच टिकतो. छपराखाली तो कोणाला किती मिळावा, हे भिंती, रस्त्याची रुंदी, झाडे आणि समोरच्या इमारतीची उंची ठरवितात.

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या भागांत उपग्रह नभोवाणीचे ग्रहण परिसरावर कसे अवलंबून होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ज्या नगररचनेने शंभर वर्षांपूर्वी येथील रहिवाशांचा उजेड व हवा यांतील वाटा ठरविला, तिनेच एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचा आकाशातील वाटाही ठरविला, असे प्रतिपादन येथे केले आहे. लेखातील कोन मुंबईचे अक्षांश-रेखांश आणि उपग्रहांचे भूस्थिर कक्षेतील स्थान यांवरून गणिताने काढले आहेत.

पूर्वपीठिका : भिंतींना वळसा घालणाऱ्या लहरी

मुंबईत नभोवाणीचा आरंभ जून १९२३ मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेच्या प्रक्षेपणाने झाला. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. पुढील अर्धशतकात मुंबईकरांनी प्रामुख्याने ऐकली ती मध्यम लहरींवरील नभोवाणी. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राचे एक प्रक्षेपण १०४४ किलोहर्ट्झवर होत असे. या वारंवारतेची तरंगलांबी सुमारे २८७ मीटर भरते. इतक्या लांब लहरीपुढे चार मजली चाळ हा मोठा अडथळा ठरत नाही. लहर इमारतीला वळसा घालते, जमिनीला धरून पुढे जाते आणि चाळीच्या मधल्या, खिडकी नसलेल्या खोलीतही पोहोचते. म्हणूनच रेडिओ कोठे ठेवावा, हा प्रश्न घरातील सोयीचा होता. दिशेचा क्वचितच होता.

पुढे वारंवारता वाढत गेली, तसतशी ही सवलत कमी होत गेली. एफएम प्रक्षेपणाची तरंगलांबी सुमारे ३ मीटर असते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि घराघरांच्या छपरांवर वरळीकडे तोंड केलेल्या अँटेना दिसू लागल्या. तेव्हा प्रथमच ‘दिशा’ हा शब्द सर्वसामान्य श्रोत्या-प्रेक्षकाच्या व्यवहारात आला. तरीही मनोरा शहरातच उभा होता. त्याची शक्ती मोठी होती आणि परावर्तित लहरींवरही चित्र दिसत असे, जरी ते दुहेरी दिसले तरी.

उपग्रहाकडून थेट ग्रहण करण्याचा देशातील पहिला मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झाला. एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचविली गेली. त्यासाठी सुमारे ३ मीटर व्यासाच्या, जाळीच्या अँटेना उघड्यावर उभारल्या होत्या. खेड्यात मोकळे आकाश मिळविण्याची अडचण नव्हती. उपग्रह नभोवाणीने मात्र तळहातापेक्षा थोड्या मोठ्या, सपाट अँटेनावर काम भागविण्याचे ठरविले, आणि तेही महानगरात. नेमका येथेच परिसराचा प्रश्न निर्माण झाला.

उपग्रहाची दिशा

१९९२ च्या जागतिक रेडिओ परिषदेने १४५२ ते १४९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा ध्वनिप्रक्षेपणासाठी नेमून दिला. वर्ल्डस्पेसचे प्रक्षेपण १४६७ ते १४९२ मेगाहर्ट्झ या भागात होत असे. त्याची तरंगलांबी सुमारे २० सेंटिमीटर भरते. एवढ्या आखूड लहरी इमारतीला वळसा घालत नाहीत. जवळजवळ प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत जातात आणि मागे ठळक सावली सोडतात.

एशियास्टारचे स्थान विषुववृत्तावर १०५ अंश पूर्व रेखांशावर होते. मुंबईपासून त्याचे सरळ अंतर सुमारे ३७,२५० किलोमीटर होते. दक्षिण-मध्य मुंबईतून पाहिले असता तो आग्नेयेच्या किंचित पूर्वेकडे, म्हणजे उत्तरेपासून सुमारे ११७ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ४७ अंश उंचीवर होता. ही जागा ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ऑक्टोबरच्या आरंभी आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास सूर्य आकाशात साधारण त्याच ठिकाणी असतो. त्या वेळी ज्या खिडकीत थेट ऊन येते, त्या खिडकीत उपग्रहाचा संदेश येत असे. जी खिडकी त्या वेळी सावलीत असते, ती संदेशाच्याही सावलीत होती.

ही तुलना आणखी एका अंगाने उपयुक्त आहे. सूर्य फिरतो, त्यामुळे एखाद्या खोलीत सकाळी नाही तरी दुपारी ऊन येते. भूस्थिर उपग्रह मात्र हलत नाही. ज्या खोलीला त्याचे दर्शन नाही, तिला ते कोणत्याही ऋतूत व कोणत्याही प्रहरी होणार नव्हते.

४७ अंशांच्या उंचीचा हिशेब असा : उपग्रहाच्या दिशेने उभी असलेली इमारत आपल्या उंचीच्या सुमारे ०.९२ पट लांबीची सावली पाडते. १४ मीटर उंचीच्या चाळीची सावली सुमारे १३ मीटर, तर २०० मीटर उंचीच्या मनोऱ्याची सुमारे १८५ मीटर होते. रस्त्याची दिशाही महत्त्वाची ठरते. सुमारे ४ मीटर रुंदीची गल्ली दक्षिणोत्तर असेल, तर तिच्या पश्चिम कडेच्या तळमजल्याला उपग्रह दिसण्यासाठी समोरील इमारत ५ मीटरांहून उंच असून चालत नाही. तीच गल्ली पूर्व-पश्चिम असेल, तर तिच्या उत्तर कडेला समोरील इमारत ९ मीटरांपर्यंत चालते. रुंदी तीच, परंतु मोकळे आकाश जवळजवळ दुप्पट.

प्रकाशाचा नियम आणि उपग्रहाचा कोन

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्ती, अंधार आणि कोंदट हवा ही रोगाची कारणे मानली गेली आणि १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतील उजेड व हवा या विषयाचे सविस्तर विवेचन केले. त्यांच्या काळात ‘साडेत्रेसष्ट अंशांचा नियम’ चर्चेत आला. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरील इमारतीच्या माथ्यापर्यंत काढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करू नये, असा त्याचा आशय होता. सोप्या शब्दांत, समोरची मोकळी जागा इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी असावी.

हा नियम आणि उपग्रहाचा कोन शेजारी ठेवले असता एक लक्षणीय बाब दिसते. नियमाची रेषा ६३.५ अंशांवर आहे. एशियास्टार ४७ अंशांवर होता. म्हणजे उजेडाचा नियम तंतोतंत पाळूनही उपग्रहाचा मार्ग मोकळा होत नव्हता. समोरासमोरच्या सारख्या उंचीच्या दोन इमारतींत निम्म्या उंचीइतकीच जागा असेल आणि घराचे तोंड उपग्रहाकडेच असेल, तर एकूण उंचीच्या सुमारे ४६ टक्क्यांवरील खोल्यांनाच उपग्रह दिसतो. तळमजला अधिक तीन मजल्यांच्या चाळीत याचा अर्थ असा की, तळमजला व पहिला मजला वंचित, तर दुसरा व तिसरा मजला पात्र. ज्या खोल्यांना नियमाने कसाबसा उजेड मिळवून दिला होता, त्याच खोल्या आता संदेशाला मुकल्या.

याच्या उलट उदाहरण डीटीएच सेवेचे आहे. डिसेंबर २००५ मध्ये सोडलेला इन्सॅट-४ए हा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर होता आणि मुंबईतून सुमारे ६५ अंश उंचीवर दिसे. ही रेषा जुन्या प्रकाशनियमाच्या किंचित वरून जाते. सुमारे अठरा अंशांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. परंतु चाळींच्या शहरात तेवढ्याने मजलेच्या मजले आत येतात किंवा बाहेर राहतात.

स्थिर ग्रहण : गिरगाव, दादर, परळ-लालबाग

गिरगावातील वाड्या आणि चाळी यांची रचना अंगणाभोवती किंवा अरुंद गल्लीच्या दोन्ही बाजूंनी झालेली आहे. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाची परंपरा सांगणारी केशवजी नाईक चाळ, खोताची वाडी, फणसवाडी, कांदेवाडी या सर्व ठिकाणी मोकळी जागा ही घराच्या आत नसून बाहेर, सामायिक आहे. बाहेरून फिरणारी लाकडी गॅलरी हे येथील चाळीचे वैशिष्ट्य होय. ज्या बाजूची गॅलरी आग्नेयेकडे उघडते, तेथे कठड्यावर अँटेना ठेवली की ग्रहण होत असे. मागील बाजूच्या बिऱ्हाडांना मात्र लांब केबल घेऊन छपराचा आश्रय करावा लागे. कौलारू लाकडी छप्पर लहरींना पूर्णपणे अडवीत नाही, काही प्रमाणात क्षीण करते. सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब त्याहून कितीतरी अधिक क्षीणन करतो, आणि सज्जावर घातलेले पन्हाळी लोखंडी पत्रे तर मार्ग बंदच करतात. त्यामुळे जुने, मोडकळीस आलेले कौलारू घर या एका बाबतीत दुरुस्त केलेल्या पत्र्याच्या घरापेक्षा सरस ठरत असे.

छपराचा प्रश्न तांत्रिक होता तसाच मालकीचाही होता. पागडीच्या घरात खोली भाडेकरूच्या ताब्यात, परंतु छप्पर मालकाचे. गच्ची असलेल्या सहकारी संस्थेत ती सर्वांची. खोलीचा हक्क आणि आकाशाचा हक्क हे भिन्न असल्याने मागील खोलीतील श्रोत्याला संदेशासाठी आधी संमती मिळवावी लागे.

दादरचा पूर्वभाग ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेतून आकाराला आला. पारशी कॉलनी व हिंदू कॉलनी येथील रुंद रस्ते, मर्यादित उंचीच्या इमारती आणि त्यांमधील मोकळ्या पट्ट्या यांमुळे येथे इमारतींची सावली गिरगावापेक्षा कमी होती. पश्चिमेस शिवाजी पार्कचे मैदान आहे; त्याच्या काठच्या ज्या इमारतींसमोर पूर्वेस वा दक्षिणेस मैदान येते, त्यांना तर आकाश खुलेच होते. येथे अडथळा होता तो झाडांचा. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर यांच्या छत्राखालून जाताना या वारंवारतेचा संदेश क्षीण होतो. गोल्डहर्श व फोगेल या संशोधकांनी अमेरिकेत रस्त्याकडेच्या झाडांवर केलेली मोजमापे या विषयात आधारभूत मानली जातात. एक डेरेदार झाड सुमारे दहा डेसिबलपर्यंत क्षीणन करू शकते, म्हणजे संदेशाची शक्ती एकदशांशावर येते.

मुंबईच्या पावसाबाबत एक गैरसमज संभवतो. डीटीएच सेवेची तरंगलांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असल्याने मुसळधार पावसात चित्र गोठते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. २० सेंटिमीटर तरंगलांबीच्या नभोवाणीवर पावसाच्या थेंबांचा परिणाम नगण्य असतो. भिजलेली, पावसाळ्यात दाट झालेली पालवी मात्र परिणाम करते. दादरच्या श्रोत्यासाठी पावसाळा आकाशातून नव्हे, तर झाडांतून येत होता.

परळ-लालबागच्या गिरणगावात तिसरी स्थिती होती. येथील चाळींत गिरगावसारख्या गॅलरीच्या चाळी होत्या. त्याचबरोबर डिलाईल रोड, नायगाव, वरळी व शिवडी येथे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात उभारलेल्या बीडीडी चाळीही होत्या. २०७ इमारती, प्रत्येकीत तळमजला अधिक तीन मजले आणि ८० खोल्या. या चाळींत गॅलरी बाहेर नसून मधोमध बोळ आहे आणि खोल्या त्याच्या दोन्ही बाजूंस आहेत. प्रत्येक खोलीला बाहेरची एकच बाजू मिळते. परिणामी कोणत्याही इमारतीत एका ओळीतील खोल्यांचे तोंड उपग्रहाकडे असले, तर दुसऱ्या ओळीतील खोल्यांची त्याच्याकडे पाठ होते. शेजारी समोरच्याच दारात राहत असे. पण एकाच्या घरी ‘गांधर्व’ या हिंदुस्थानी संगीताच्या वाहिनीचे स्वर उमटणे शक्य होते आणि दुसऱ्याच्या घरी नव्हते. मध्यम लहरींच्या रेडिओने असा भेद कधी केला नव्हता.

चल ग्रहण : थांबणाऱ्या वाहनाची सावली

स्थिर श्रोता अँटेना चार बोटे सरकवून किंवा खिडकी बदलून मार्ग काढू शकतो. चालत्या वाहनाला ही मुभा नाही. परळ-लालबागमधून जाणारा डॉ. आंबेडकर मार्ग साधारणपणे दक्षिणोत्तर आहे. अशा २० मीटर रुंदीच्या रस्त्याच्या मध्यावर वाहन असेल, तर पूर्वेकडील इमारती सुमारे १२ मीटरपर्यंत असतील तोवरच उपग्रह दिसतो. तीन मजली चाळ ही मर्यादा ओलांडते. वाहने डाव्या बाजूने चालत असल्यामुळे उत्तरेकडे, दादरच्या दिशेने जाणारे वाहन रस्त्याच्या पश्चिम भागात असते आणि पूर्वेच्या इमारतींपासून दूर राहते. दक्षिणेकडे, भायखळ्याच्या दिशेने येणारे वाहन त्या इमारतींच्या कुशीतून जाते. एकाच रस्त्यावर जाताना आणि येताना ग्रहण भिन्न असावे, हे भूमितीनेच ठरत होते.

परावर्तित लहरींचाही आधार फारसा नव्हता. उपग्रहाचा संदेश वर्तुळाकार ध्रुवणाचा होता. भिंतीवरून परावर्तन झाले की या ध्रुवणाची फिरण्याची दिशा बहुधा उलटते आणि अँटेना त्यास पुरेसा प्रतिसाद देत नाही. दूरदर्शनला परावर्तनाने जो आसरा दिला होता, तो येथे नव्हता.

अमेरिकेत २००१ मध्ये एक्सएम आणि २००२ मध्ये सिरियस या सेवा मोटारीतील श्रोत्यांसाठीच सुरू झाल्या. त्यांनी या अडचणीवर तीन उपाय योजले. पहिला, एकाहून अधिक उपग्रह. सिरियसने तर उत्तर अमेरिकेवर दीर्घकाळ उंच राहणारी लंबवर्तुळाकार कक्षा निवडली. दुसरा, तोच कार्यक्रम सुमारे चार सेकंदांच्या अंतराने दोनदा पाठविणे, जेणेकरून पुलाखाली हुकलेला भाग पुढे भरून निघेल. तिसरा, शहरांत जमिनीवर पुनःप्रक्षेपकांचे जाळे. यांपैकी दुसरा उपाय लालबागेत कितपत चालला असता, याचा हिशेब बोलका आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ४० मीटर लांबीच्या इमारतीची सावली सुमारे पाच सेकंदांत ओलांडते. परंतु मुंबईचे वाहन सावलीतच सिग्नलला उभे राहते, आणि तेथे चार सेकंद नव्हे, चार मिनिटे जातात. अशा शहरात तिसरा उपाय, म्हणजे पुनःप्रक्षेपक, हाच खरा उपाय होता.

त्यासाठी शासनाची अनुमती आवश्यक होती. जमिनीवरून प्रक्षेपण होऊ लागले की उपग्रह नभोवाणी आणि २००२ पासून मुंबईत सुरू झालेली खाजगी एफएम केंद्रे यांतील सीमारेषा पुसट होणार होती. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २००५ मध्ये उपग्रह नभोवाणीविषयी शिफारशी केल्या. तथापि मुंबईत असे जाळे उभे राहिले नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरी-संरक्षणासाठी अर्ज केला आणि २००९ अखेर भारतातील सेवाही संपली. कंपनीच्या अपयशाची कारणे मुख्यतः आर्थिक होती. तिचे बहुसंख्य वर्गणीदार भारतातच होते, हेही विसरता येत नाही. परंतु सेवा घरातच बांधून राहिली आणि रस्त्यावर उतरू शकली नाही, यामागे परिसराचा हा प्रश्न होता.

गिरण्यांच्या जागी मनोरे

ज्या दशकात ही सेवा चालू होती, त्याच दशकात परळ-लालबागचे आकाश बदलले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाचा मार्ग उघडला. २००१ च्या दुरुस्तीने मोकळ्या जागेतील सार्वजनिक वाटा आकसला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. गिरणीची शेड बसकी असे. उंच असे ते फक्त धुराडे, आणि धुराड्याची सावली अरुंद. शेडच्या मागील चाळीला उपग्रह दिसत होता. शेडच्या जागी मनोरा आला की चाळीचे आकाश मिटते. लोअर परळ येथे श्रीनिवास मिलच्या जागेवर पुढे उभ्या राहिलेल्या २८० मीटर उंचीच्या मनोऱ्याचे गणित केले, तर एशियास्टारच्या दिशेची त्याची सावली सुमारे २६० मीटर भरते. या मनोऱ्याच्या वरच्या मजल्यांना क्षितिजापर्यंत आकाश लाभले. ते खालच्यांच्या वाट्यातून आलेले होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. दक्षिण-मध्य मुंबईत उपग्रह नभोवाणीच्या ग्रहणाचे मोजमाप संदेशाच्या मूळ शक्तीवरून नव्हे, तर आग्नेयेकडील आकाशाच्या एका विशिष्ट तुकड्यावरून होत होते. गिरगावात हा तुकडा गल्लीने, दादरला झाडांनी आणि परळ-लालबागेत आधी चाळीच्या आराखड्याने व नंतर मनोऱ्यांनी ठरविला. स्थिर ग्रहणात मजला, तोंड आणि छपरावरील हक्क निर्णायक होते. चल ग्रहणात रस्त्याची दिशा आणि वाहतुकीचा वेग. जुन्या प्रकाशनियमाने माणसाला किमान उजेड मिळवून दिला. आकाशाचा नियम मात्र कोणी केला नाही.

एशियास्टारची सेवा इतिहासजमा झाली असली, तरी प्रश्न जुना झालेला नाही. दिशादर्शनाचे उपग्रह जवळपासच्याच वारंवारतांवर काम करतात. ते शहरात उपयोगी पडतात, कारण ते अनेक असून आकाशभर विखुरलेले आहेत. एकाच दिशेवर विसंबणारी प्रत्येक सेवा मात्र चाळीच्या मागच्या खोलीशी येऊन थांबते. वरून येणारे सर्वांना समान मिळते, ही समजूत मुंबईच्या ज्या खोल्यांत ऊन पोहोचले नाही, त्या खोल्यांनी दुसऱ्यांदा खोटी ठरविली.